चक्क्याचा चीजकेक आणि बडोद्याची फळं

श्रीखंड ज्या घरात होतं, त्या घराला चीजकेकसाठी बाहेरून चीज आणावं लागत नाही. हे मी भेटेल त्याला सांगते आणि आज सविस्तर लिहिते आहे, कारण केसर आंबा आता संपत आलाय, हातगाड्यांवर जांभळं दिसायला लागली आहेत, आणि भाचीने फोनवर पुन्हा तोच प्रश्न विचारला : "मावशी, क्रीम चीजचा एवढासा डबा केवढ्याला! त्याच्याऐवजी काय घालू?"

चक्का घाल, म्हटलं. आणि नाइलाज म्हणून घालू नकोस, हक्काने घाल.

माझी नोकरीची वर्षं दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेली. गर्बर पद्धतीने दुधातली फॅट मोजायची म्हणजे ब्युटिरोमीटरमध्ये, फॅट मोजायच्या काचेच्या नळीत, 10 मिलि सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर अलगद 10.75 मिलि दूध, मग 1 मिलि अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि काचेच्या मानेत वर आलेली पिवळसर रेघ वाचायची. हे रोज करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते : दुधात सगळ्यात जास्त असतं ते पाणी. फुल क्रीम दूध घेतलं तरी फॅट 6 टक्के, बाकीचे घनपदार्थ 9 टक्के, आणि उरलेलं 85 टक्के पाणीच. ते पाणी कसं काढायचं, किती काढायचं, एवढ्यावरच ताजं चीज उभं असतं. आपल्याकडे विरजण लावून, दही फडक्यात टांगून पाणी काढतात. जर्मनीत क्वार्क नावाचं ताजं चीज याच धर्तीवर बनतं, आणि तिथला पिढ्यानपिढ्यांचा चीजकेक त्या क्वार्कचाच असतो. इटलीत रिकोटाचा, रशियात त्वोरोगचा. रोमच्या केटो नावाच्या लेखकाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीबद्दल लिहिताना ताजं चीज कुस्करून, त्यात पीठ आणि अंडं मळून, पानांवर ठेवून मातीच्या झाकणाखाली भाजायची कृती दिली आहे. क्रीम चीज या सगळ्यांत धाकटं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात 1870च्या दशकात ते बाजारात आलं, आणि त्याच्या जोरावर न्यूयॉर्कचा दाट, जड चीजकेक जगभर पोचला. तो चांगलाच असतो. पण ज्या गावात जे ताजं चीज बनतं त्याचा तिथला चीजकेक, हीच जुनी रीत आहे. मग बडोद्यात तो चक्क्याचा व्हावा यात जुळवून घेण्यासारखं काय आहे?

फरक कुठे पडतो तेही सांगते. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे क्रीम चीजमध्ये किमान 33 टक्के फॅट लागते. फुल क्रीम दुधाच्या चक्क्यात ती साधारण 17-18 टक्के येते. म्हणून चक्क्यात थोडी साय किंवा क्रीम घालावी लागते, आणि ती घातल्यावरही आपला चीजकेक हलकाच राहतो. मला तो तसाच आवडतो. जेवणानंतर, तेही आंब्याच्या दिवसांत, जड चीजकेकचा एक तुकडा खाल्ला की दुसऱ्याकडे बघवत नाही.

आता चक्का. इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर आहे. एक लिटर फुल क्रीम दुधाच्या दह्यातून तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम चक्का निघतो. मोठ्या चीजकेकला अर्धा किलो लागतो, म्हणजे दीड लिटर दूध घ्या. तापवून कोमट होऊ द्या. करंगळी आत सुखाने राहील इतपत, थर्मामीटर असेल तर 40-42 अंश. विरजण गोड, ताजं असावं. आदल्या दिवशीच्या आंबट दह्याचं विरजण लावलं तर चक्का आंबट होणारच, मग साखर वाढवून उपयोग नाही. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागतं. लागलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर राहू देऊ नका. पूर्ण गार झालं की मगच फडक्यात.

आमच्या सासूबाई दही नळाला टांगायच्या. दांडिया बाजारच्या जुन्या वाड्यात, जाड भिंतींच्या स्वयंपाकघरात ते चालायचं. आता मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, सिमेंटच्या फ्लॅटमध्ये टांगलेलं दही रात्रीत आंबतं. म्हणून मी पातेल्यावर चाळण ठेवते, चाळणीत धुवट मलमल, त्यात दही, वर ताटली आणि ताटलीवर बत्ता, आणि हे सगळं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. आठ-दहा तास. मध्ये एकदा फडक्याच्या कडेचा घट्ट झालेला थर चमच्याने आत ओढायचा, कारण कड आधी सुकते आणि मधल्या दह्याचं पाणी अडकून बसतं. तयार झाला का ते असं बघायचं : बोटाने दाबलं की खळगा तसाच राहिला पाहिजे आणि त्यात पाणी जमता कामा नये. फडकं सोडल्यावर चक्का एका गोळ्यात सुटून येतो, आणि त्यावर मलमलीची बारीक वीण उमटलेली असते. ती वीण स्पष्ट दिसली की समजा काम झालं. खाली साठलेलं हिरवट पाणी टाकू नका, भाकरीचं पीठ त्यात मळा.

ज्यांना एवढा वेळ नाही त्यांना आमच्याकडे डेअरीवर तयार चक्का मिळतो, त्याला इथे मस्को म्हणतात. चांगला असतो. पण आणल्यावर चाखून बघा, आणि तरीही दोन तास फडक्यात ठेवा. श्रीखंडाला चालतो तेवढा ओलसरपणा चीजकेकला चालत नाही.

यानंतर चक्का पिठीसाखर घालून पुरणयंत्रातून काढायचा. मिक्सरमध्ये अजिबात नाही! मिक्सरच्या पात्याने चक्का सैल पडतो, आणि सैल पडलेला पुन्हा घट्ट होत नाही. पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून निघालेला चक्का मऊ असतो आणि उभा राहतो. पुरणयंत्र नसेल तर बारीक चाळण उलटी धरून तळहाताने घासा.

तळाला लोक मारी बिस्किटांचा चुरा घालतात. दीडशे ग्रॅम बिस्किटांना पाऊणशे ग्रॅम वितळलेलं लोणी लागतं. मी नानकटाई घेते. बेकरीची, खुसखुशीत, वेलदोडा घातलेली. तिच्यात मुळातच तूप असतं, त्यामुळे दीडशे ग्रॅमला दोन मोठे चमचे लोणी पुरतं, आणि वेलदोड्याचा वास आंब्याबरोबर छान जुळतो. चुरा डब्यात पसरून सपाट बुडाच्या वाटीने दाबायचा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये. तळ निघणारा डबा असावा. नसेल तर काचेच्या वाट्या घ्या, वाटीत कापायचा प्रश्नच येत नाही.

न भाजलेला चीजकेक कशाने धरून ठेवायचा, यावर मात्र माझं मत ठाम आहे. चायना ग्रास. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, ते आमच्या इमारतीत निम्म्या घरांना चालत नाही, हे एक कारण. दुसरं कारण बडोद्याचा उन्हाळा. जिलेटिनने धरलेला पदार्थ तीस-पस्तीस अंशांना सुटायला लागतो. आमच्या जेवणाच्या टेबलावर मेमधल्या दुपारी तेवढं तापमान असतंच, आणि पाहुणे गप्पांत रमले की ताटलीतला तुकडा कललाच. समुद्री शेवाळापासून बनणारं चायना ग्रास पस्तीस-चाळीस अंशांना घट्ट होतं आणि पुन्हा वितळायला 85 अंशांच्या आसपास उष्णता लागते. ते टेबलावर हलत नाही.

त्याची वागणूक समजून घ्यायला हवी, इतकंच. अर्धा किलो चक्का, सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर, 200 मिलि क्रीम आणि पाव लिटर केसरचा रस, एवढ्याला चायना ग्रासची पूड सपाट दोन चहाचे चमचे, म्हणजे 5 ग्रॅमच्या आसपास. ती 150 मिलि साध्या पाण्यात भिजवायची, मग मंद आचेवर ढवळत उकळायची, दोन-तीन मिनिटं, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. आमरसात घालून उकळू नका. आंबट रसात उकळलं की चायना ग्रासची पकड कमी होते. आणि चक्का-क्रीमचं मिश्रण फ्रीजमधून काढून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. फ्रीजमधल्या थंड चक्क्यात हे गरम पाणी पडलं की पडल्या जागी गोठतं आणि दातांखाली कण येतात. चक्का खोलीच्या तापमानाचा, रस किंचित कोमट, आणि चायना ग्रासची बारीक धार धरून दुसऱ्या हाताने सतत ढवळणं. हे काम दोघांनी करावं. आमच्याकडे धार हे धरतात. सगळं एकजीव झालं की लगेच डब्यात ओता, कारण ओट्यावरच ते धरायला लागतं. फ्रीजमध्ये चार तास. वरून आमरसाचा पातळ थर द्यायचा असेल तर वाटीभर रसाला अर्धा चमचा चायना ग्रास पुरे. जास्त घातलं तर तो थर सुरी लागताच चामड्यासारखा निघून येतो. बाजारात विकत मिळणाऱ्या कितीतरी चीजकेकना मला नेमकं हेच आवडत नाही.

भाजलेल्या चीजकेकचं थोडक्यात सांगते, कारण तो सोपा आहे. अर्धा किलो चक्का, 300 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 100 मिलि क्रीम, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, लिंबाची किसलेली साल. अंडं लागत नाही. फेटू नका, नुसतं मिसळा, आत हवा गेली की फुगून मग चिरतो. डब्याला बाहेरून फॉइल लावून गरम पाण्याच्या ट्रेमध्ये, 150 अंशांवर पाऊण तास. कडा धरलेल्या दिसल्या पाहिजेत आणि मधला पुरीएवढा भाग हलवल्यावर थरथरला पाहिजे. तेवढा थरथरला की ओव्हन बंद, दार थोडं उघडं, तासभर आतच. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये शिटी काढून, वर ताटली झाकून चाळीस मिनिटं वाफवा. बंगाल्यांची भापा दोई अशीच वाफवलेली असते, तिच्यात चीजकेकचं अर्धं उत्तर आहेच.

आता फळं. मला खरं लिहायचं होतं ते हे, कारण लोक चीजकेक मन लावून करतात आणि वर बाटलीतला ब्लूबेरीचा गोळा ओततात. ब्लूबेरी आपल्या बाजारात कधी ताजी येते? आणि इथे फळांची एवढी रांग लागलेली असताना!

फळांसाठी मी सकाळी लवकर खंडेराव मार्केटला जाते. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये बांधलेली ही देखणी इमारत. पुढे महापालिकेची कचेरी आणि मागच्या बाजूला फळं, भाजी, फुलं. केसर घेताना पिवळ्या रंगामागे जाऊ नका. झाडावर नीट तयार झालेला केसर पिकल्यावरही सालीवर हिरवट छटा ठेवतो, आतून मात्र गडद केशरी असतो. त्या गरावरूनच त्याला नाव मिळालं, 1934 मध्ये, जुनागढच्या नवाबांनी तो रंग बघून दिलं असं सांगतात. 2011 मध्ये गीरच्या केसरला भौगोलिक मानांकनही मिळालं. देठाजवळ नाक न्यायचं. वास नसेल तर टोपली खाली ठेवायची. माझा नेहमीचा फळवाला आता स्वतःच सांगतो, "मासी, आज नका घेऊ, पाऊस पडून गेलाय." पावसानंतरच्या केसरला गोडी कमी आणि पाणी जास्त. असा रस चीजकेकमध्ये घालायचाच असेल तर आधी मंद आचेवर आटवून घ्या.

अननसाला मात्र शिजवल्याशिवाय चक्क्याजवळ आणू नका. अननसात ब्रोमेलेन असतं, पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन, अंजिरात फिसिन. ही सगळी प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स. न शिजवलेला अननस दुधात किंवा चक्क्यात पडला की थोड्या वेळात प्रथिनं तुटतात, पदार्थ पाणी सोडतो आणि कडू लागतो. जिलेटिन हेही प्रथिनच, म्हणून न शिजवलेल्या अननसाची जेली धरतच नाही. चायना ग्रास प्रथिन नाही, ते धरेल, पण चक्का कडू व्हायचा तो होईलच. उपाय सोपा : फोडी थोड्या साखरेत आठ-दहा मिनिटं नीट उकळू द्या. उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो तसाच चालतो.

गुजराती लग्नांतलं फ्रूट सलाडही ताजा अननस पडला की याच कारणाने बिघडतं. आटवलेलं, कस्टर्ड लावलेलं गार दूध, त्यात केळं, सफरचंद, चिकू, डाळिंब, द्राक्षं, आणि सोबत गरम पुरी. मला हा पदार्थ मनापासून आवडतो, बडोद्याच्या मराठी घरांतही तो आता आपलाच झालाय. घरी करताना दूध पूर्ण गार झाल्यावरच फळं घाला, द्राक्षं चाखून घ्या, आंबट असतील तर वाढताना वरून. आणि कुणी हौसेने ताजा अननस चिरून आणला तर तो वेगळ्या वाटीत द्या.

जांभळाचा चीजकेक मी दर पावसाळ्यात करते, आणि केसरपेक्षाही मला तो सरस वाटतो. जांभळाचा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन जिभेवरच्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड आखडतं. चक्क्याबरोबर खाल्लं की ते दुधाच्या प्रथिनांना धरतं आणि तुरटपणा मवाळ होतो, फळाचा गोड-आंबट स्वाद तेवढा उरतो. चहात दूध घातल्यावर होतं तेच. पाव किलो जांभळं बिया काढून, तीन मोठे चमचे साखर, थोडा लिंबाचा रस, चिमूटभर संचळ म्हणजे काळं मीठ. पाच-सात मिनिटं शिजवायचं, फार नाही, रंग काळपट होतो. पूर्ण गार करून चीजकेकवर. पांढऱ्या चक्क्यावर तो जांभळा रस कडेने थोडा ओघळू द्यावा, पसरवून सारखा करू नये.

हिवाळ्यात पेरू. याला चायना ग्रासही लागत नाही, पेरूत पेक्टिन भरपूर असतं. गुलाबी पेरू शिजवून, बिया गाळून, त्या गरात साखर आणि लिंबू घालून आटवला की तो आपला आपण धरतो. साखर आणि आंबटपणा दोन्ही मिळाल्याशिवाय पेक्टिन पकड घेत नाही, म्हणून लिंबू विसरू नका. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी इथपर्यंत येते तेव्हा थोडी दमलेली असते. तिला चिरून साखर लावून अर्धा तास ठेवा, सुटलेला रस वेगळा आटवा आणि मग फोडी त्यात परत घाला. न आटवता तशीच वर ठेवली तर तासाभरात चीजकेक ओला. चिकूला आंबटपणा नाही, त्यामुळे वरून घालण्यापेक्षा भाजलेल्या चीजकेकच्या पोटात घालावा, कंडेन्स्ड मिल्क थोडं कमी करून गूळ घालावा.

चीजकेक फ्रीजमध्ये तीन दिवस चांगला राहतो, झाकून, कांद्या-लसणापासून दूर. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, प्रत्येक कापाला.

सीताफळाचं भाचीला अजून सांगायचं राहिलंय, तेही इथेच लिहिते. ऑक्टोबरमध्ये सीताफळं आली की आंब्याच्याच मापाने करायचं, पण सीताफळाचा गर तापवायचा नाही. तापला की कडवट होतो. म्हणून क्रम बदलायचा : आधी चायना ग्रास चक्क्यात मिसळायचं, मिश्रण जेमतेम कोमट असताना, धरायला लागायच्या आत, गर हलक्या हाताने घालायचा. बिया काढायला मिक्सर नको, बी फुटली तर सगळं वाया. गर चाळणीवर घेऊन बोटांनीच सोडवायचा, थोडे कवळे दाणे राहिले तर राहू द्यायचे. साखर शंभर ग्रॅमच, सीताफळ आंब्याहून गोड. आणि तळाला नानकटाईऐवजी साधी मारी, कारण वेलदोडा सीताफळाच्या वासावर चढतो.